चला, नेपाळी बोलूया (भाग ६) : दिवस ज्याचा त्याचा

मागच्या भागात आपण ‘हो’ आणि ‘छ’ यांतला फरक पाहिला. तो पक्का झाला असेल, तर आज सकाळी उठण्यापासून रात्री झोपण्यापर्यंतचा दिवस सांगायला शिकू.

नेपाळीच्या बहुतेक प्राथमिक पुस्तकांत या धड्याचे पहिले वाक्य ठरलेले असते: ‘म बिहान छ बजे उठ्छु।’ मी सकाळी सहा वाजता उठतो. किंवा उठते. ‘म’ म्हणणारी व्यक्ती पुरुष असो की बाई, क्रियापद ‘उठ्छु’च राहते. एवढी एक सोय मराठी माणसाला लगेच सुखावते.

मी नेपाळी शिकू लागलो, तेव्हा आमच्या इमारतीच्या रात्रपाळीच्या रखवालदारांना पुस्तकातलाच प्रश्न विचारला होता. ते नेपाळच्या सुदूरपश्चिम भागातले, अछाम जिल्ह्याचे. ‘दाइ, तपाईं कति बजे उठ्नुहुन्छ?’ दादा, तुम्ही किती वाजता उठता? उत्तर आले, ‘दिउँसो तीन बजे।’ मग त्यांनी सावकाश, मला समजेल अशा बेताने, आपला दिवस सांगितला: ‘म राति काम गर्छु। बिहान कोठामा गएर नुहाउँछु, अनि भात खाएर सुत्छु।’ मी रात्री काम करतो. सकाळी खोलीवर जाऊन आंघोळ करतो, मग जेवून झोपतो. पुस्तकातला दिवस सकाळी सुरू होत होता आणि त्यांचा त्याच वेळी संपत होता. तेव्हापासून मी नव्या विद्यार्थ्यांना पुस्तकातली वाक्ये पाठ करायला सांगत नाही. आपला स्वतःचा दिवस सांगायला सांगतो.

त्यांची वाक्ये पुन्हा वाचा. ‘गएर’ म्हणजे जाऊन, ‘खाएर’ म्हणजे जेवून. आपला ‘ऊन’ तो त्यांचा ‘एर’. उठून, धुऊन, येऊन यांच्या जागी उठेर, धोएर, आएर. दिनचर्या सांगताना दोन्ही भाषा क्रिया अशाच एकामागून एक ओवत जातात, म्हणून मराठी माणसाने नेपाळीत इथूनच शिरावे. ‘म उठेर, मुख धोएर, चिया खाएर अफिस जान्छु।’ हे वाक्य मनातल्या मनात वेगळे जुळवावे लागत नाही, मराठी क्रमानेच ते तोंडात येते.

हो, ‘चिया खाएर’. रोजच्या नेपाळी बोलण्यात चहा ‘खातात’. ‘पिउनु’ हे क्रियापद आहे आणि ते चूकही नाही, पण घरात नि टपरीवर कानावर पडेल ते ‘चिया खानुहुन्छ?’ पाणीसुद्धा खातात, सिगारेटही खातात. ‘चिया’तला ‘च’ आपल्या ‘चहा’तल्यासारखा नाही, ‘चमचा’तल्या दोन्ही ‘च’सारखा म्हणा. मराठीत दोन्ही ‘च’ असल्यामुळे आपल्याला तो सहज साधतो.

रूपे बनवण्याचा नियम थोडक्यात असा. शब्दकोशात क्रियापद ‘नु’ लावलेले मिळते: उठ्नु, खानु, आउनु. ‘नु’ काढल्यावर शेवटी व्यंजन उरले तर सरळ ‘छु’ लावा: उठ्छु, गर्छु, सुत्छु. स्वर उरला तर मध्ये ‘न्’ येतो: खान्छु, जान्छु, धुन्छु. ‘आउ’, ‘नुहाउ’, ‘पिउ’ अशी धातूची शेपटी असेल तर फक्त नाकात उच्चार होतो: आउँछु, नुहाउँछु, पिउँछु. नकारासाठी उठ्दिनँ, गर्दिनँ, खाँदिनँ. ‘म मासु खाँदिनँ’, मी मांस खात नाही, हे वाक्य नेपाळला निघालेल्या शाकाहारी वाचकांनी आजच पाठ करावे.

आता शब्दांकडे. ‘नुहाउनु’त आपले न्हाणे आहे, ‘लुगा धुनु’त आजीचे लुगडे आहे, ‘दिउँसो’त आपला ‘दिवसा’ ऐकू येतो. आपण जसे दातही घासतो आणि भांडीही, तसे तिथे दाँतही ‘माझ्छन्’ आणि भाँडाही. पण ‘म कपाल कोर्छु’ ऐकून दचकू नका. नेपाळीत कपाल म्हणजे केस आणि कोर्नु म्हणजे विंचरणे. ‘बस्नु’ म्हणजे बसणे आणि राहणेसुद्धा: ‘म पुणेमा बस्छु’, मी पुण्यात राहतो. ‘हिँड्नु’ म्हणजे नुसते हिंडणे नाही, चालणे आणि निघणेही: ‘म नौ बजे घरबाट हिँड्छु।’ आणि कुणी ‘खाजा’ दिला, तर मालवणी जत्रेतले गुळाचे खाजे डोळ्यांसमोर आणू नका. तो दुपारचा फराळ. चिवडा असेल, समोसा असेल, नूडल्सही असतील.

खाजाची वेळ समजायला नेपाळी घराचे जेवण समजले पाहिजे. तिथे पुष्कळ घरांत डाळभाताचे पूर्ण जेवण सकाळी नऊ-दहाच्या सुमारास होते. ते करून माणसे दहाच्या कचेरीला जातात. दुपारी खाजा, आणि बेलुका, म्हणजे संध्याकाळी, पुन्हा डाळभात. म्हणून सकाळी दहा वाजता कुणी ‘भात खानुभयो?’ विचारले, तर ते नाश्त्याबद्दल विचारत नाहीत, जेवणाबद्दलच विचारतात. हा प्रश्न विचारपूस म्हणूनही सर्रास येतो, जसे आपल्याकडे ‘जेवलात का?’ ‘खाएँ’ म्हणा, जेवलो, आणि लगेच उलट विचारा.

वेळेचे शब्द आपलेच आहेत. सवा सात, साढे सात, पौने आठ, आणि आपल्यासारखेच डेढ बजे, अढाई बजे. ‘सात बज्न दश मिनेट बाँकी छ’ म्हणजे सात वाजायला दहा मिनिटे आहेत. नेपाळचे घड्याळ मात्र आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते, तेव्हा काठमांडूला आठ वाजता फोन करायचे ठरले असेल तर इकडे पावणेआठला करा. वारांत ‘आइतबार’ ऐकून ग्रामीण मराठीतला आइतवार आणि कोकणीतला आयतार आठवेल. नेपाळात सुट्टीचा जुना वार मात्र शनिवार.

दिवसांच्या नावांत नेपाळी आपल्यापेक्षा नेमकी आहे. आपला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. त्यांच्याकडे काल ‘हिजो’ आणि त्याच्या आधीचा ‘अस्ति’; उद्या ‘भोलि’ आणि त्याच्या पुढचा ‘पर्सि’.

शेवटी संबोधनाचे. नेपाळीत ‘तँ’, ‘तिमी’ आणि ‘तपाईं’ अशा तीन पायऱ्या आहेत. ‘तपाईं’बरोबर धातूला ‘नुहुन्छ’ लावले की झाले: उठ्नुहुन्छ, जानुहुन्छ, सुत्नुहुन्छ. आदराने कुणाविषयी बोलायचे असेल तर ‘उहाँ’ म्हणा, रूप हेच. आपल्या शहरांत नेपाळी माणसे दारावर राखण करतात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबतात, आणि पुष्कळदा वयाने मोठ्या माणसालाही आपण सरळ ‘अरे’ म्हणतो. मला हे फार लागते. त्यांच्या भाषेत तरी ही सवय नेऊ नये.

या आठवड्यात स्वतःच्या दिवसाची आठ वाक्ये लिहा, त्यांतल्या तीन वाक्यांत ‘एर’ वापरा. मग एखाद्या नेपाळी दाइंना किंवा दिदींना त्यांचा दिवस विचारा, ‘तपाईं’ म्हणूनच. ‘तँ’ची रूपे मी या भागात मुद्दाम दिलेली नाहीत.