जीवाश्माचे गाव आणि निबंधाचे इमान

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्याच्या भूमीत सापडणाऱ्या जीवाश्मांचा नाद मला फार वर्षांपासून आहे, आणि शोधनिबंधांतील वाङ्मयचौर्याच्या प्रश्नाकडे मी वळलो तो याच नादापायी. तेथील पोचमपल्ली गावाजवळ ‘कोटा’ नावाच्या खडकांच्या थरांतून भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी सुमारे तीनशे हाडे उकरून काढली. त्यांच्या आधारे १९७५ साली जैन, कुट्टी, रॉय-चौधरी आणि चॅटर्जी या चौघांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ‘बारापासॉरस टागोराय’ या अजस्र डायनासोरचे वर्णन प्रसिद्ध केले. कोणत्या गावी, कोणत्या थरात, कोणी शोधले आणि वस्तू आज कोठे आहे, या चारही गोष्टींचा दाखला तेथे मिळतो; हाडे कोलकात्यात जाऊन कोणालाही पडताळता येतात. गाव हरवलेला जीवाश्म शास्त्राच्या दृष्टीने केवळ दगड होय.

हे गावच खोटे सांगितले तर काय अनर्थ होतो, हे चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता यांच्या प्रकरणाने जगाला दाखविले. हिमालयातील जीवाश्मांवर त्यांचे शेकडो निबंध प्रसिद्ध झाले होते. ऑस्ट्रेलियाचे जीवाश्मतज्ज्ञ जॉन टॅलेंट यांनी १९८८ मध्ये गोयल, जैन आणि पिकेट यांच्यासह त्यांतील विसंगतींची चिकित्सा मांडली आणि १९८९ च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’मधून उघड आरोप केला, की हिमालयातील म्हणून वर्णिलेले काही सूक्ष्म जीवाश्म न्यूयॉर्क राज्यातील ॲम्सडेल ओढ्याचे, तर काही शंखाकृती जीवाश्म मोरोक्कोतले, बाजारात विकत मिळणारे आहेत, आणि एकच नमुना निरनिराळ्या स्थळांच्या नावाने पुनःपुन्हा छापला गेला आहे. विद्यापीठाने निवृत्त न्यायमूर्तींकरवी चौकशी केली, दोष शाबीत झाला, तरीही त्यांना बडतर्फ करण्यात आले नाही. मला यापेक्षाही अधिक अस्वस्थ करते ते सहलेखकांचे वर्तन: ज्यांनी स्वतः ते स्थळ पाहिले नव्हते त्यांनीही निबंधावर आपले नाव घालू दिले, आणि संपादकांनी नमुना मागितला नाही.

आपल्याकडे वाङ्मयचौर्यावर उपाय म्हणून जुलै २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले. आधी छापलेल्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही. पुढे चाळीस आणि साठ टक्के या सरहद्दी ओलांडल्या की शिक्षा वाढत जाते, आणि साठ टक्क्यांपलीकडे विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. प्रश्न नियतकालिकांच्या दर्जाचाही होता: त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, तेव्हा त्यांतील अठ्ठ्याऐंशी टक्के हलक्या प्रतीची असू शकतात असे ‘करंट सायन्स’मध्ये दाखविले, त्यानंतर पुण्यात नियतकालिकांची छाननी करून मान्य यादी ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली, आणि २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच बंद केली.

साम्याच्या टक्केवारीवर माझा आक्षेप असा, की ती मोजणारे यंत्र छापलेले वाक्य छापलेल्या वाक्याशी ताडून पाहते; ज्याचे शब्द स्वतःचे पण नमुना परक्याचा, तो त्याच्या दृष्टीस पडत नाही. सिरोंच्यासारख्या मुलुखात हा दोष विशेष घातक ठरतो. येथे गोंडी, माडिया आणि तेलुगू बोलणाऱ्या माणसांच्या स्मरणात वनस्पतींचे गुण, देवांच्या कथा, गावांच्या वंशावळी आहेत, आणि त्यांतील फार थोडे छापले गेले आहे. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून या भागातच संशोधक तयार होऊ लागले आहेत. एखाद्या वैदूने दोन दिवस सांगितलेले ज्ञान त्याचे नाव न घेता कोणी आपल्या निबंधात मांडले, तर यंत्राचा अहवाल शून्य टक्के साम्य दाखवील आणि चोरीला शुद्धतेचे प्रशस्तिपत्र मिळेल.

म्हणून संपादकांनी टक्केवारीच्या अहवालाच्या आधी तीन दाखले मागावेत: नमुना कोठे जमा आहे, क्षेत्रभेटीची टिपणे कोणाजवळ आहेत, आणि ज्यांनी माहिती दिली त्यांची संमती व, त्यांची इच्छा असल्यास, नावे निबंधात आहेत काय. संशय उद्भवल्यास प्रथम लेखकाला आणि मग त्याच्या संस्थेला लेखी जाब विचारावा, सहलेखकांनाही त्यातून सूट देऊ नये, आणि दोष ठरल्यावर निबंध मागे घेतल्याची सूचना मूळ निबंधाच्याच जागी, कारणासह, छापावी. पोचमपल्लीच्या हाडांना जो न्याय मिळाला, तोच सिरोंच्यातल्या बोलत्या माणसाला मिळाला पाहिजे. तोपर्यंत कोणत्याही निबंधाच्या शून्य टक्क्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.