गाडी पावसाने नव्हे, साचलेल्या ओलाव्याने गंजते

महागाव, उमरखेड, पुसद या पट्ट्यात आता बऱ्याच घरांसमोर चारचाकी दिसते. कुणी हप्त्यावर नवी घेतलेली असते, कुणी वापरलेली आणलेली असते. घर बांधले तेव्हा गाडीचा विचार नव्हता, म्हणून ती अंगणात, कडुलिंबाखाली किंवा रस्त्याच्या कडेला उभी राहते. जून लागला की मालक तिच्यावर ताडपत्री टाकतो, दोरीने घट्ट आवळतो आणि निश्चिंत होतो. मग दसऱ्याच्या पूजेसाठी ताडपत्री काढली की आतून कुबट वास येतो. सीटवर पांढरट बुरशी असते, दरवाजाच्या खालच्या कडेला रंगाला फुगे आलेले असतात आणि मागचे चाक फिरायलाच तयार नसते.

‘एवढी झाकून ठेवली, तरी असे कसे झाले?’ हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. उत्तर असे, की बऱ्याचदा ते झाकल्यामुळेच होते.

गंज कसा चढतो?

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. त्यासाठी धो धो पाऊस लागत नाही. हवेतल्या ओलाव्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थरही पुरतो. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग एकदम वाढतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हर्नन यांनी १९३० च्या दशकातच दाखवले होते. आपल्याकडे पावसाळ्यात सकाळची आर्द्रता सहज ८० च्या पुढे असते.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून तो रंगाला आतून उचलतो आणि फुगा दिसतो. फुगा दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाल्लेला असतो.

पत्र्यावर पडलेला पाऊस वाहून जातो आणि वारा लागला की सुकतोही. खरा धोका असतो तो न सुकणाऱ्या जागांना: चाकांच्या वरची कमान, दरवाजाची खालची कडा, बोनेट आणि काचेमधली खाच, पायाखालची चटई. गाडी वाचवायची तर ती भिजू न देण्यापेक्षा लवकर सुकू देणे महत्त्वाचे.

काळी माती आणि ताडपत्री

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. पाऊस थांबल्यावरही तिच्यातून दिवसभर वाफ वर येत राहते. गाडी थेट या मातीवर उभी असेल आणि वरून प्लॅस्टिकची ताडपत्री जमिनीपर्यंत आवळलेली असेल, तर ती वाफ आतच कोंडते. रात्री पत्रा थंड झाला की तिचेच थेंब गाडीवर जमतात. शिवाय वाऱ्याने ताडपत्री घासत राहते आणि तिच्याखालची धूळ रंगाला ओरखडे पाडते.

म्हणून आधी जमिनीकडे बघा. गाडीच्या जागेवर मुरूम आणि गिट्टी टाकून ती आजूबाजूपेक्षा थोडी उंच करा. त्यावर चारही बाजूंनी उघडे असलेले साधे पत्र्याचे छप्पर सर्वात चांगले. ते पाऊस अडवते, वारा अडवत नाही. रात्री गाडीची उष्णता थेट मोकळ्या आकाशाकडे जात नसल्यामुळे छपराखाली दवही कमी पडते. छप्पर शक्य नसेल तर हवा खेळती ठेवणाऱ्या कापडाचे कव्हर घ्या. ते कोरड्या गाडीवरच घाला आणि ऊन पडले की काढून ठेवा. ओल्या गाडीवर कव्हर घालण्यापेक्षा ती उघडी ठेवलेली बरी.

झाडाखाली गाडी असेल तर बोनेटच्या खाचेत अडकलेला पाला दर आठवड्याला काढा. तिथली छिद्रे बुजली की पाणी केबिनमध्ये उतरते. दरवाजांच्या खालच्या कडेलाही पाणी जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात, तीही मोकळी ठेवा. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते, ती त्याच दिवशी धुऊन टाका.

पावसाळ्यातही गाडी खालून धुवा. कमानीत बसलेला चिखल ओल्या स्पंजासारखे काम करतो. डिकीतून खताची पोती आणली असतील तर सांडलेले दाणे लगेच झाडा. खतातले क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि पत्रा लवकर खातात.

बुरशी सीटवर, त्रास छातीला

फोम किंवा कापड ओले राहिले तर २४ ते ४८ तासांत बुरशी वाढू लागते. तिचे सूक्ष्म बीजाणू बंद केबिनच्या हवेत मिसळतात. घरातील ओल आणि बुरशी यांचा दम्याशी व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. गाडीची केबिन तर घरापेक्षा कितीतरी लहान. गाडीत बसले की मुलाला शिंका येतात किंवा आजीला धाप लागते, पण उतरल्यावर बरे वाटते, असे होत असेल तर चटईखाली हात घालून बघा.

अत्तराची बाटली लावून वास दबतो, बुरशी जात नाही. ऊन पडेल त्या दिवशी चारही दरवाजे उघडा आणि चटया बाहेर वाळवा. पायाखाली वर्तमानपत्राचे कागद घाला, पण ते रोज बदला. बुरशी पुसताना मास्क आणि हातमोजे घाला. साबणाच्या पाण्याने पुसून भाग पूर्ण सुकवा. चालत्या गाडीत एसी लावला की तो हवेतले पाणी काढून घेतो, त्यामुळे काचेवरचे धुकेही जाते. त्या वेळी बाहेरची हवा आत घेणारे बटण वापरा.

पावसात शेतातली बिळे पाण्याने भरतात आणि उंदीर बोनेटखाली कोरडी जागा शोधतात. ते वायरी कुरतडतात, शिवाय त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. तिथली घाण उघड्या हातांनी काढू नका. उंदरामागे सापही येतो, म्हणून बोनेट उघडण्याआधी त्यावर थापा मारा.

उभ्या गाडीचे ब्रेक आणि बॅटरी

बरेच दिवस गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओलाव्याने ब्रेक चिकटतात. सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.

रोज दोन मिनिटे इंजिन चालू करून बंद करण्याची सवय उपयोगाची नाही. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. इंजिन नीट तापले नाही तर त्यातले बरेच सायलेन्सरमध्ये साचून त्याला आतून गंजवते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे गाडी फिरवा. निघताना हळू वेगात ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून बघा. बंद शेडमध्ये किंवा कव्हरखाली इंजिन मात्र कधीच चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

पाणी गाडीत शिरले तर

२२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढले. अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. अशा पावसाचा इशारा मिळाला की नाल्याकाठची गाडी आदल्या दिवशीच उंचावर न्या. पाणी चढू लागल्यावर मात्र गाडीमागे जाऊ नका. वाहते पाणी एक फूट असले तरी लहान गाडी वाहून जाऊ शकते.

पाणी ओसरल्यावर सर्वात मोठी चूक होते ती ‘चालू होते का बघू’ म्हणून चावी फिरवण्याची. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर आतला दांडा वाकतो आणि इंजिनच जाते. असे झालेले नुकसान साध्या विम्यात अनेकदा मिळत नाही. म्हणून इंजिन संरक्षणाचे कलम घेतले आहे का, हे पावसाळ्याआधीच तपासा. बुडालेल्या गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्या. इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत कशालाही हात न लावता कंपनीच्या माणसाला बोलवा.

रात्री अपरात्री घरातल्या कुणाच्या छातीत दुखू लागले, प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या, तर अनेकदा दारातली हीच गाडी दवाखाना गाठते. त्या वेळी ती चालू व्हावी आणि तिचे ब्रेक लागावेत, यासाठी आठवड्यातला अर्धा तास पुरतो. पुढच्या उघडिपीला ताडपत्री काढा, चारही दारे उघडा आणि गाडीला वारा लागू द्या.