आकाशाचे क्ष-किरण टिपणारे चौसष्ट चौकोन

हाड मोडले की डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात. मांस भेदून जाणारे तसलेच क्ष-किरण आकाशातूनही येतात. मृत ताऱ्यांकडून, कृष्णविवरांच्या परिसरातून. पृथ्वीभोवतीची हवा ते अडवते, म्हणून यंत्रच हवेच्या वर न्यावे लागते. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावर असे यंत्र बसवले होते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची ‘आयुका’ यांचा त्यात मोठा वाटा.

हे किरण काचेच्या भिंगाने गोळा होत नाहीत. मग युक्ती काय? टँटलम या जड धातूच्या पत्र्याला ठरावीक नक्षीची छिद्रे पाडून तो वर बसवला. चाळणी उन्हात धरा. सूर्य सरकला की तिची सावलीही सरकते. तसेच इथे. सावली कुठे पडली, यावरून किरण कोणत्या दिशेने आले ते गणिताने काढतात.

सावली टिपायला खाली 64 चौकोनी तुकडे आहेत. बुद्धिबळाच्या पटावर घरे असतात तेवढेच. प्रत्येक तुकडा 4 सेंटिमीटर लांब-रुंद आणि 5 मिलिमीटर जाड. त्यात 256 कप्पे, म्हणजे एकूण 16,384. हे तुकडे कॅडमियम, झिंक व टेल्युरियम यांच्या अर्धवाहक स्फटिकाचे. किरण आदळला की कप्प्यात किंचित वीज निर्माण होते. किरण जितका जोरकस, तितकी वीज जास्त. जर्मेनियमच्या तुकड्यांना अतिथंड ठेवावे लागते, यांना तशी गरज नाही.

पण काही कप्पे किरण नसतानाही ‘आला, आला’ म्हणतात. त्यांना शोधून बंद करावे लागते. खोटी साक्ष वगळल्याशिवाय खरी कळत नाही.

एकट्या कप्प्याला न कळणारी गोष्ट दोन शेजारी मिळून सांगतात. जोरकस किरण एका कप्प्यात आदळून शेजारच्यात उसळतो; दोन्हीकडे एकाच क्षणी नोंद होते. उसळण्याच्या दिशांवरून किरणांची कंपने कोणत्या दिशेत होतात ते समजते.

सन 1054 मध्ये चिनी निरीक्षकांनी फुटताना पाहिलेल्या ताऱ्याचा गाभा आजही सेकंदाला सुमारे 30 गिरक्या घेतो. त्याच्या झोतांच्या मधल्या मंद काळातही कंपनांची दिशा झपाट्याने बदलते, हे या कप्प्यांच्या नोंदींवरून 2017 साली प्रसिद्ध झाले. ते अनपेक्षित होते. झोताकडे सारेच पाहतात. इथे नवी गोष्ट मधल्या अंधुक वेळेत सापडली.