हंगामी सर्दीचा प्रतिबंध आणि चिनी वनौषधी : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना :
सर्दी-पडसे हा किरकोळ आजार मानला जातो. तथापि तो वर्षातून दोन-तीन वेळा बहुतेकांना गाठतो. दोनशेहून अधिक प्रकारचे विषाणू त्यास कारणीभूत असल्याने सर्व सर्दीवर चालेल अशी एक लस तयार होऊ शकलेली नाही. त्यामुळे सर्दी होऊच नये म्हणून चीनमध्ये घेतल्या जाणाऱ्या वनौषधींविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एका प्रसिद्ध योगाचा विचार केला आहे.

यू पिंग फंग सान :
या नावाचा अर्थ 'वारा अडविणाऱ्या जेड रत्नाच्या पडद्याचे चूर्ण' असा होतो. चू दानशी (१२८१-१३५८) या वैद्याच्या परंपरेतील 'दानशी शिनफा' या ग्रंथात तो आढळतो. यात तीनच घटक आहेत : हुआंग-ची (ॲस्ट्रागॅलसचे मूळ), बाइ-चू (अट्रॅक्टिलोडिसचा कंद) आणि फांग-फंग. या शेवटच्या मुळाच्या नावाचाच अर्थ 'वाऱ्यापासून रक्षण' असा आहे. चिनी वैद्यकानुसार शरीराच्या पृष्ठभागावर 'वेइ ची' ही रक्षक शक्ती वावरते. ती क्षीण झाली की विनाकारण घाम येतो व बाहेरचा 'वारा' आत शिरून सर्दी होते. पहिले दोन घटक ही शक्ती वाढवितात व तिसरा वाऱ्याला हुसकावतो, अशी यामागील कल्पना आहे.

प्रतिबंध व उपचार यांतील भेद :
हा योग वारंवार सर्दी होणाऱ्या अशक्त व्यक्तीसाठी, आजार नसताना घ्यावयाचा असतो. सर्दी-ताप सुरू झाल्यावर चिनी वैद्य वेगळे योग देतात. उदा., वू जूतुंग यांच्या ग्रंथातील 'यिन च्याव सान'. आपल्याकडील जोशांदाही सर्दी झाल्यावरच घेतला जातो. 'सर्दीचे चिनी औषध' असा सरसकट उल्लेख म्हणूनच दिशाभूल करणारा ठरतो.

पुरावा काय सांगतो? :
२००३ च्या सार्सच्या साथीत हाँगकाँगमध्ये झालेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. सार्स म्हणजे साधी सर्दी नव्हे. परंतु वापरलेले औषध या योगावर व 'सांग च्यू यिन' या दुसऱ्या योगावर आधारलेले होते. ते घेणाऱ्या १,०६३ स्वयंसेवकांपैकी कोणालाही सार्स झाला नाही. न घेणाऱ्या १५,३७४ रुग्णालयीन कर्मचाऱ्यांपैकी ६४ जणांना, म्हणजे सुमारे ०.४ टक्के लोकांना तो झाला.

प्रथमदर्शनी हा निकाल प्रभावी वाटतो. परंतु याच प्रमाणात औषध न घेताही १,०६३ जणांत चार-पाच रुग्णच अपेक्षित होते. शिवाय औषध कोणी घ्यावे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. लोक स्वेच्छेने पुढे आले होते. असे लोक मुळातच अधिक सावध किंवा कमी धोक्याच्या विभागातील असू शकतात. त्यामुळे फरक औषधाचा की माणसांचा, हे या आकड्यांवरून ठरत नाही. सर्दीवरील चिनी वनौषधींच्या चाचण्यांचा कॉक्रेनने २००७ मध्ये आढावा घेतला, तेव्हाही चाचण्यांचा दर्जा कमी असल्याने कोणत्याही विशिष्ट औषधाची शिफारस करता आली नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न :
'वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी' हा समज चुकीचा आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या गोळ्यांत 'फांग-ची' या चिनी वनस्पतीऐवजी नामसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकियाची विषारी जात गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. सर्दीच्या काही चिनी योगांतील मा-हुआंग (इफेड्रा) रक्तदाब वाढविते; इफेड्रायुक्त आहारपूरकांवर अमेरिकेने २००४ मध्ये बंदी घातली. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी हुआंग-चीसारखी औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

समारोप :
सातशे वर्षांची परंपरा हा परीक्षणास योग्य असा आधार आहे. मात्र ती स्वतः परीक्षण नव्हे. हाँगकाँगचे वरील आकडे वर्गात फळ्यावर मांडून 'आणखी काय माहीत असायला हवे?' असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारता येईल. त्यातून परंपरेचा अवमान न करता तिची पारख कशी करावी, याचा वस्तुपाठ मिळेल. तोपर्यंत साबणाने हात धुणे, खोकताना तोंड झाकणे आणि आजारी असताना घरी थांबणे हे साधे उपाय सर्वांना उपलब्ध आहेतच.