जुना मोडेम बदलावा कीं ठेवावा ?

नांगर अडला म्हणजे बैल थकला आहे, कीं फाळ बोथटला आहे, कीं रानच वाळून टणक झालें आहे, हें पाहिल्यावांचून शहाणा शेतकरी नवा बैल घेण्यास बाजाराची वाट धरीत नाहीं. परंतु घरांतील इंटरनेट मंद चालूं लागलें, कीं हाच विवेक आपण बाजूस ठेवितों आणि दुकानदार दाखवील तो मोडेम घेऊन येतों. गेल्या वर्षीं आम्हीही असाच खर्च करण्याच्या बेतांत होतों. तो कसा टळला, हें वाचकांस उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहों.

आमच्या तालुक्याच्या गांवच्या घरीं केबलच्या तारेवरून इंटरनेट येतें. सातबारा पाहणें, बाजारभाव व हवामानाचा अंदाज काढणें, मुलांचा अभ्यास, सर्व त्याजवरच चालतें. वर्गणी सेकंदास १०० मेगाबिट वेगाची भरीत होतों, पण प्रत्यक्षांत तेवढा वेग कधीं मिळत नसे. द्राक्षबागेंत केवडा दिसला तेव्हां पानांचीं छायाचित्रें तज्ज्ञाकडे वेळेवर पोंचलीं नाहींत आणि फवारणी दोन दिवस लांबली. केवडा दोन दिवस थांबत नाहीं, हें बागाईतदारांस सांगावयास नको. मोडेम आठ वर्षांचा झाला, तो टाकून द्या, असें जो तो म्हणूं लागला. नव्याची किंमत तीन हजारांहून अधिक होती.

प्रथम हें यंत्र काय करतें तें समजून घ्यावें. दूरचित्रवाणीच्या तारेंतून येणाऱ्या लहरींचें संगणकास समजेल असें रूपांतर मोडेम करितो. त्याचे नियम डॉक्सिस या नांवानें ठरलेले असून पहिली आवृत्ति १९९७ सालीं, दुसरी २००१ सालीं, तिसरी २००६ सालीं व ३.१ ही २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. दुसऱ्या आवृत्तीचा मोडेम एका वेळीं एकाच मार्गानें माहिती घेतो. हा मार्ग ६ मेगाहर्ट्झ रुंदीचा असल्यास सुमारें ३८ मेगाबिट, आणि ८ मेगाहर्ट्झचा असल्यास सुमारें ५० मेगाबिट वेग मिळतो. तिसऱ्या आवृत्तीचा मोडेम असे अनेक मार्ग एकत्र जोडतो. एका शेतास एकाच चारीचें पाणी देणें आणि आठ चाऱ्या एकदम सोडणें, यांत जो फरक तोच येथें आहे.

आमचा मोडेम तिसऱ्या आवृत्तीचा व आठ मार्गांचा निघाला. १०० मेगाबिटांस तो पुरेसा होता. मग दोष कोठें? आम्हीं संगणक तारेनें थेट मोडेमास जोडून सकाळीं, दुपारीं व रात्रीं वेग मोजला. तिन्ही वेळां तो चाळिसांच्या आसपासच भरला. केवळ रात्रींच वेग पडता, तर आळींतील सर्वांचा भार एकाच तारेवर पडतो असें समजलें असतें. कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्यास पाणी कमी पडतें, त्यांत त्याच्या पाटाचा दोष नसतो. तेथें नवा मोडेम घेण्याआधीं केबलवाल्याकडेच तक्रार करावी.

पुढें मोडेमाचें माहितीपृष्ठ उघडून पाहतां येणाऱ्या लहरींचें बळ उणें १४ डेसिबल दिसलें. हें बळ शून्याच्या जवळ असावें. उणें १५ ही नियमाची शेवटची मर्यादा आहे. तारेचा माग काढीत गेलों तों माळ्यावर दोन स्प्लिटर सांपडले. पूर्वीं घरांत तीन दूरचित्रवाणी संच होते, त्यांचे हे उरलेले फाटे. दोन फाटे करणारा प्रत्येक स्प्लिटर निम्म्याहून अधिक बळ खातो. म्हणजे आमच्या मोडेमास चतुर्थांशही पोंचत नव्हतें. शिवाय गच्चीवरील एका जोडांत पावसाचें पाणी जाऊन गंज चढला होता. केबलवाल्याच्या माणसाकडून स्प्लिटर काढविले व जोड नवा बसविला. त्याच मोडेमावर वेग ९२ मेगाबिटांवर गेला. मागील खोलींत वायफाय तरीही मंदच होतें. मोडेम लोखंडी कपाटांतून काढून उघड्यावर ठेवितांच तेंही सुधारलें. खर्च शंभर-सव्वाशें रुपयांचा.

यावरून जुना मोडेम कधींच बदलूं नये, असा अर्थ कोणी घेऊं नये. मोडेम दुसऱ्या आवृत्तीचा असून वर्गणी पन्नासांहून अधिक वेगाची असेल. तारेचें तोंड १०० मेगाबिटांचें असून वर्गणी त्याहून मोठी असेल. किंवा तार व जोड नीट असूनही यंत्र तापून वारंवार बंद पडत असेल, तर तो अवश्य बदलावा. मात्र मोडेम केबलवाल्याच्या मालकीचा असल्यास बदलून देण्याचें काम त्याचें आहे. नवा घेतल्यास तो त्यांच्या तारेवर चालेल, हें आधीं विचारून घ्यावें. गांवांत फायबरची तार लवकरच येणार असेल तर थांबणेंच बरें. तेथें केबलचा मोडेम उपयोगी पडत नाहीं.

आधीं मोजावें, मग तार तपासावी, आणि त्यानंतरच पैशाच्या पिशवीस हात घालावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.