जाम मोटरची जबानी

रोबोट व्हॅक्यूम खोलीच्या मधोमध थांबला, दोनदा कुरकुरला आणि लाल दिवा लावून बसला, की घरात निकाल लागतो: मोटर गेली. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. मोटर गेलेली नसते, अडलेली असते. तिला कुणी अडवलं हे शोधायची एक रीत आहे. ती समजली तर स्क्रूड्रायव्हर, कात्री आणि साधा मल्टिमीटर एवढ्यावर पुष्कळ काम भागतं.

उदाहरणाला रुम्बा घेऊ. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीत काम केलेल्या रॉडनी ब्रूक्स, कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर यांनी 1990 मध्ये ‘आयरोबोट’ ही कंपनी काढली. रुम्बा बाजारात आला तो सप्टेंबर 2002 मध्ये, 199 डॉलरला. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सचा ट्रायलोबाइट त्याच्या आधी आला होता, पण तो फार महाग होता. स्वस्त यंत्रात मोटरी स्वस्तच असणार. पुढे आलेल्या 600 मालिकेच्या पोटात अशा पाच आहेत: दोन चाकांना दोन, मुख्य ब्रशला एक, कडेच्या ब्रशला एक आणि हवा ओढणाऱ्या पंख्याला एक. त्याआधी 2007 मध्ये 500 मालिकेत कंपनीने सगळी रचना नव्याने केली. चाक, ब्रशची पेटी, कडेचा ब्रश हे सुटे भाग झाले. स्क्रू काढले की अख्खा भाग हातात येतो. यंत्राच्या शहाणपणाचं कौतुक सगळेच करतात. मला त्याचं हे सुटं होणं जास्त मोलाचं वाटतं.

आता अडलेल्या मोटरचं गणित. फिरणारी डीसी मोटर फिरता फिरता स्वतः वीजही तयार करत असते, आणि ती वीज बॅटरीच्या उलट दिशेने रेटते. म्हणून चालत्या मोटरला थोडाच प्रवाह लागतो. बॅटरी 14.4 व्होल्टची, वाइंडिंगचा रोध 4 ओहम आणि चालताना लागणारा प्रवाह 0.3 अँपिअर धरू. मोटर जाम झाली की उलटा रेटा शून्य. मग प्रवाहाला आवरायला तेवढे 4 ओहमच उरतात आणि तो 3.6 अँपिअरवर जातो, म्हणजे बारापट. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे 144 पट. अंगठ्याएवढ्या मोटरमध्ये जवळजवळ 52 वॅट! विहिरीवरच्या पंपात गाळ अडकून किंवा व्होल्टेज पडलेलं असताना बटण दाबून ज्याने वाइंडिंग जाळून घेतलंय, त्या शेतकऱ्याला हे गणित मांडून दाखवायची गरज नाही. तालुक्याच्या गावातली रिवाइंडिंगची दुकानं यावरच चालतात. पंपाची मोटर एसी, ही डीसी. जळण्याचं कारण तेच.

रुम्बाला हा धोका ठाऊक असतो, कारण त्याच्या बोर्डावर मोटरींचा प्रवाह सतत मोजला जातो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की यंत्र ती मोटर थांबवतं, सुटायची धडपड करतं आणि नाहीच जमलं तर हाक मारतं. 500 मालिकेपासून गालिच्याच्या झालरीत ब्रश गुंतला की तो उलटा फिरवून धागा सोडवायची युक्तीही आली. हौशी लोकांसाठी कंपनीने यंत्राशी बोलायची भाषा 2005 मध्ये खुली केली. आता 600 मालिकेला केबल जोडली तर दोन्ही चाकं, मुख्य ब्रश आणि कडेचा ब्रश यांचा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये वाचता येतो. हा साक्षीदार सहसा खोटं बोलत नाही.

दुसरा साक्षीदार चाकाजवळ बसतो. चाकाच्या एका फेऱ्यात त्याचा सेन्सर 508.8 टिचक्या मोजतो. 72 मिलिमीटर व्यासाच्या चाकाला एक टिचकी म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही. तिसरा साक्षीदार म्हणजे पुढचं छोटं चाक. ते अर्धं काळं, अर्धं पांढरं असतं. मागची चाकं फिरताहेत पण पुढे काळं-पांढरं बदलत नाही, याचा अर्थ गाडी जागेवरच घसरतेय.

दुरुस्ती म्हणजे या साक्षी एकमेकींशी ताडून पाहणं. आधी यंत्र बंद करून उलटं ठेवावं आणि बॅटरी काढावी. बॅटरी आत असताना ब्रशमध्ये बोट घालणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. मग प्रत्येक चाक हाताने फिरवावं, आत दाबून सोडावं. दोन्ही चाकांचा अडसर सारखा लागला पाहिजे. एक जड लागलं तर चोर तिथेच आहे. मुख्य ब्रश काढल्यावर लोक मधला गुंता कापतात आणि टोकांकडे बघत नाहीत. खरी गाठ टोकाच्या बेअरिंगच्या टोपीखाली असते, घट्ट वळलेली, कडीसारखी. कडेच्या ब्रशचा स्क्रू काढला की त्याच्याही बुंध्याशी तेच.

आपल्याकडे हा गुंता अंमळ जास्तच. लांब केस तर आहेतच. शिवाय गजऱ्याचा दोरा, ओढणीचा सुटलेला धागा, देवघरासमोर पडलेला वातीचा कापूस, पायपुसण्याची दशी. यातला गजऱ्याचा दोरा सर्वात वाईट. केस तुटतो, दोरा तुटत नाही. 2013 च्या 800 मालिकेत केसाळ ब्रशच्या जागी रबरी रूळ आले ते गुंता कमी व्हावा म्हणून. फरक पडलाही, पण रुळाच्या टोकाशी जाऊन बसायची केसांची खोड काही सुटली नाही.

साफसफाईनंतरही तीच हाक आली, तर मग खरी कसोटी: ओझं काढून मोटर चालवणं. मुख्य ब्रश बाहेर ठेवून यंत्र क्षणभर सुरू करावं. आता मोटर फिरली, तर दोष ब्रशचा किंवा बेअरिंगचा. तरीही अडली, तर दोष गिअरपेटीत, मोटरमध्ये किंवा बोर्डावर. एका चाचणीत अर्धे संशयित सुटतात, म्हणून ही चाचणी मला सगळ्यात आवडते. गिअरपेटीचे दात प्लास्टिकचे असतात. एखादा तुटला की ठरावीक अंतराने टक-टक ऐकू येतं. ग्रीसमध्ये धूळ मिसळून चिखल झाला असेल तर आवाज येत नाही, नुसतं जड लागतं.

गिअरही धड निघाले तर मोटर सुटी करून तिच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावावा आणि शाफ्ट बोटांनी सावकाश फिरवावा. रोध थोडेच ओहम दाखवून जवळपास तिथेच राहिला तर मोटर ठीक. एखाद्या ठिकाणी तार तुटल्यासारखा एकदम वर उडाला तर कार्बन झिजलाय किंवा कॉम्युटेटर खराब झालाय. तेव्हा मात्र ‘मोटर गेली’ हे खरं. तशीच मोटर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास शोधता येते; व्होल्टेज, आरपीएम आणि शाफ्टची जाडी लिहून न्यावी, नमुना खिशात असला तर उत्तमच. जुन्या शाफ्टवरचं छोटं गिअर उपटताना तडकतं, तेवढं सांभाळावं. हात बसलेला नसेल तर पूर्ण भागच घेतलेला बरा.

एक प्रकार भल्याभल्यांना फसवतो. चाकाची मोटर छान फिरते, गिअर छान, प्रवाहही माफक. तरी यंत्र म्हणतं चाक अडलंय. इथे दुसऱ्या साक्षीदाराच्या डोळ्यात धूळ गेलेली असते. टिचक्या येत नाहीत, म्हणून यंत्राच्या लेखी चाक उभं. मोटर बदलून काहीच होत नाही. सेन्सर हलक्या ब्रशने झाडला की चाक पुन्हा ‘फिरू’ लागतं. उलट प्रकारही असतो: मोटर सुटी चालवली की फिरते, सेन्सर स्वच्छ, पण यंत्रात जोडली की हलत नाही. मग बोर्डावरचा मोटर चालवणारा मोस्फेट पाहावा. मागे कधीतरी दोऱ्याने मोटर अडली तेव्हाचा प्रवाह त्याच्यातूनच गेलेला असतो. चिप-पातळीवर काम करणाऱ्या कारागिराकडे तो भाग बदलून मिळतो. पण बोर्ड त्याच्याकडे नेण्यापूर्वी ब्रशची टोकं पुन्हा एकदा बघून घ्यावीत, कारण दोरा तिथेच राहिला असेल तर नवा मोस्फेटही त्याच वाटेने जाईल.