'फासन' आणि त्याचें कुळ

जळगांवच्या जिनिंग-प्रेसमध्यें रुईची दाबलेली गांठ पट्ट्यांनीं आवळतात. धुळ्याच्या बाजारास आलेला शेतकरी बैल खुंट्याला बांधतो, रात्रीं घरीं दाराला कडी घालतो, सकाळीं सदऱ्याच्या गुंड्या लावतो. आवळणें, बांधणें, घालणें, लावणें अशीं चार क्रियापदें मराठीला येथें लागलीं. इंग्रजाचें काम एका 'फासन'वर भागतें. लिहितांना या शब्दांत 'ट' असतो, बोलतांना तो गळतो. आपल्या 'फास' शब्दाशीं त्याचा नाद जुळतो, पण नातें नाहीं. 'फास' हा संस्कृत 'पाशा'चा वंशज.

'फासन'चें मूळ 'फास्ट' या विशेषणांत आहे. 'फास्ट' म्हणजे जलद, हें आगगाडीनें सर्वांच्या कानीं बसविलें; परंतु मूळ अर्थ पक्का, न हलणारा. धुतल्यावर न जाणारा रंग तो 'फास्ट' रंग. गाढ निजलेला मनुष्यही 'फास्ट'च निजलेला. नेटानें धांवणें तें वेगानें धांवणें, अशा वाटेनें 'जलद' हा अर्थ मागाहून आला. अचल आणि वेगवान यांनीं एका घरांत नांदावें, ही मौजच.

पुढें हें क्रियापद वस्तूंवरून मनाकडे वळलें. दृष्टि खिळविणें, एखाद्याच्या माथीं दोष मारणें, येथेंही 'फासन'च. मराठीनें तरी 'खिळणें' हें खिळ्यावरूनच घेतलें आहे.

या कुळांत सर्वांत विचार करण्याजोगा शब्द मात्र उपवास या अर्थाचा 'फास्ट'. न्याहारीच्या 'ब्रेकफास्ट'मध्यें मोडतो तो हाच. त्याच्या मुळाशीं अन्नाचा उल्लेख नाहीं; नियमाला घट्ट धरून राहणें एवढेंच आहे. आपल्या 'उपवासां'तही अन्न नाहीं. जवळ वास करणें हा त्याचा धात्वर्थ.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत पूर्वीं शिक्षक असलेले साने गुरुजी १ मे १९४७ पासून पंढरपुरास उपवासास बसले. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलें व्हावें ही त्यांची मागणी होती, आणि मंदिर खुलें करण्याचें ठरल्यावरच त्यांनीं उपवास सोडला. ही हकीकत इंग्रजींत एका 'फास्ट' शब्दानें सांगतां येते. मराठींत 'गुरुजी उपाशी राहिले' म्हटलें तर केवळ पोटाची कथा होते. 'ठाम राहिले' म्हटलें तर देहाला पडलेले कष्ट दिसत नाहींत. भाषांतरकारास येथें दोन्ही वाक्यें लिहावीं लागतील.